एकाच इंजिनाचे १३२ आणि १७५ पीएस: फरक नेमका कुठे असतो?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: स्कॉर्पिओ-एनचं १३२ पीएस पॉवरचं आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्कचं डिझेल मॅन्युअल मॉडेल घेतलं आहे. तेच २.२ लिटरचं इंजिन वरच्या मॉडेलमध्ये १७५ पीएस देतं; त्यातही मॅन्युअलला ३७० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकला ४००. ट्यूनर म्हणतो, हा सगळा सॉफ्टवेअरचा फरक आहे, रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून, तुमची गाडी वरच्या मॉडेलइतकी करून देतो. घरचे सगळे बसले की घाटात गाडी ओढत नाही, म्हणून मन तयार होतंय. शिवाय मोटारसायकल चालवणारा भाऊ विचारतो, आम्ही पुढच्या स्प्रॉकेटचा (साखळीच्या दातेरी चाकाचा) एक दात कमी करून पिकअप वाढवतो, तसं चारचाकीत काही होत नाही का?

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. घाटातली तुमची अडचण गियरची आहे, पॉवरची नाही. आणि १३२ चे १७५ करण्याचं काम सॉफ्टवेअरमध्ये सुरू होत असलं तरी तिथे संपत नाही. इंजिनं डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) चढवून त्यांचं कॅलिब्रेशन करणं, म्हणजे कधी किती इंधन आणि किती टॉर्क हे ठरवणं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. या कामात सर्वांत जास्त गैरसमज दिसतो तो ब्रोशरवरच्या पीएसच्या आकड्याबद्दल. लोकांना वाटतं की माणसाची उंची असते तशी इंजिनाची पॉवर असते, मोजली की कळली. प्रत्यक्षात तो आकडा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो: या इंजिनाकडून, या गियरबॉक्सला जोडून, या नियमांत बसवून, गाडीचं आयुष्य संपेपर्यंत एवढंच काम घ्यायचं.

आधी गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पीएस म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२४. टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, तो न्यूटन-मीटरमध्ये धरायचा; आरपीएम म्हणजे मिनिटाला होणारे फेरे. याहून जास्त काही पाठ करायची गरज नाही. यातून निघणारी गोष्ट मात्र नीट पचवायला हवी. पॉवर वाढवायचे मार्ग दोनच: इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात जास्त जोर काढा, किंवा तेवढाच जोर जास्त वेगाने फिरताना टिकवून धरा.

दुसऱ्या मार्गाचं उत्तम उदाहरण चाकणला तयार होतं. बजाजची डॉमिनार ४०० आली २०१६ च्या अखेरीस. ३७३ सीसी, ३५ पीएस ८००० आरपीएमला, टॉर्क ३५ न्यूटन-मीटर ६५०० ला. २०१९ मध्ये त्याच इंजिनाला दोन कॅमशाफ्टचं हेड आलं आणि आकडा झाला ४० पीएस, ८६५० ला. टॉर्क? तोच ३५, फक्त ७००० आरपीएमला. म्हणजे कमाल जोर काडीभरही वाढला नाही, तरी ५ पीएस वाढले, कारण वरच्या आरपीएमला इंजिनाला श्वास घेता येऊ लागला आणि टॉर्क उशिरा ढासळू लागला. केटीएम ३९० ड्यूकचं इंजिन याच कुटुंबातलं. २०१७ च्या मॉडेलमध्ये ते ४३.५ पीएस ९००० आरपीएमला देतं. तिन्ही आकडे वरच्या सूत्रात उलटे घालून पाहा. कमाल पॉवरच्या क्षणी टॉर्क येतो अनुक्रमे ३०.७, ३२.५ आणि ३३.९ न्यूटन-मीटर. फरक किती थोडा आहे! वाढलेल्या पॉवरचा मोठा वाटा आरपीएमचा आहे.

आता याच ड्यूकशेजारी शेतातला ४५ एचपीचा ट्रॅक्टर उभा करू. तीन सिलिंडर, तीन लिटरच्या आसपास, कमाल पॉवर २१०० आरपीएमला. म्हणजे सुमारे १५० न्यूटन-मीटर. पॉवर ड्यूकएवढीच. मग ड्यूकच्या इंजिनाने नांगरट होईल का? कागदावर होते. ९००० चे २१०० आरपीएम करणारा सव्वाचार पट गियर मध्ये घाला. वेग सव्वाचार पट कमी होईल, टॉर्क तेवढाच वाढेल, ३४ चे १४५ होतील. गियर हेच काम करतो: वेग देतो आणि जोर घेतो, किंवा उलट. पॉवर मात्र तो एक वॉटनेही वाढवत नाही. दातांच्या घर्षणात आणि तेलात थोडी खातोच. मग शेतकरी तीन लिटरचं लोखंडी धूड का घेतो? दोन कारणं आहेत, आणि ती ब्रोशरच्या मोठ्या आकड्यात दिसत नाहीत.

पहिलं कारण म्हणजे वेळ. मोटारसायकल तिच्या कमाल पॉवरवर सलग किती काळ असते? ओव्हरटेक करताना काही सेकंद. ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावून काळ्या जमिनीत सकाळी उतरतो तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत जवळजवळ पूर्ण लोडवर असतो. पिस्टनच्या माथ्यावरची, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरची, बेअरिंगमधल्या तेलातली उष्णता तासन्‌तास तशीच राहते.

दुसरं कारण टॉर्कच्या वक्राचा आकार. फाळ कडक जमिनीत घुसला की इंजिन दबतं, आरपीएम २१०० वरून १६०० वर येतात. त्या वेळी टॉर्क वाढला पाहिजे, तरच इंजिन स्वतःला सावरतं आणि ड्रायव्हरला गियर बदलावा लागत नाही. ट्रॅक्टरवाले याला बॅकअप टॉर्क म्हणतात, आणि चांगल्या ट्रॅक्टरमध्ये तो २० ते ३० टक्के असतो. ड्यूकच्या इंजिनाचं पाहा: ९००० ला ३४ आणि कमाल ३७, म्हणजे जेमतेम नऊ टक्के. दबलं की आणखी दबत जाणार आणि बंद पडणार. दोन इंजिनांचा एचपी सारखा असूनही ती दोन वेगळ्या कामांची असतात, ती अशी.

हा वेळेचा मुद्दा जनरेटरच्या धंद्यात उघड लिहिलेला असतो आणि मला तो फार प्रामाणिक वाटतो. जनसेटचं इंजिन ५० हर्ट्झसाठी १५०० आरपीएमवर बांधलेलं असतं, त्यामुळे आरपीएमचा खेळच संपला. तरीही एकाच इंजिनाला आयएसओ ८५२८ या मानकाप्रमाणे मुख्यतः तीन वेगळे आकडे मिळतात. सतत एकाच पूर्ण लोडवर चालवायचं असेल तर सर्वांत लहान. लोड कमीजास्त होत असेल आणि चोवीस तासांची सरासरी ७० टक्क्यांच्या आत राहत असेल तर त्याहून मोठा, ज्याला प्राइम म्हणतात. प्राइमवर बारा तासांत एखादा तास १० टक्के जास्त लोड देण्याची परंपरागत मुभा आहे. आणि फक्त वीज गेल्यावर, वर्षाला २०० तासांच्या आत चालणार असेल तर सर्वांत मोठा, स्टँडबाय. लोखंड तेच, पंप तोच. बदलतो तो प्रश्न: किती वेळ? कारच्या ब्रोशरवर हा प्रश्न कोणी छापत नाही, पण कॅलिब्रेशन करणाऱ्याच्या टेबलावर तो रोज असतो.

कधी कधी आकडा ठरवतो सरकारी नियम. भारतात १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे कडक उत्सर्जन मानक लागू झालं. त्याखालच्यांना नाही. मग जे इंजिन ५२-५५ देऊ शकतं तेही ४९ च्या घरात ठेवण्यात कंपनीला आणि शेतकऱ्यालाही अर्थ असतो, कारण कॉमन रेल (उच्च दाबाची डिझेल फवारणी यंत्रणा) आणि बाकीच्या सामानाने किंमत वाढते. युरोपात नवख्या चालकांच्या ए२ परवान्याला ३५ किलोवॉटची मर्यादा आहे. ३९० ड्यूकचा आकडा ३२ किलोवॉटच्या आसपास आहे तो त्या चौकटीत आरामात बसतो. जपानी कंपन्यांनी तर १९८९ पासून २००४ पर्यंत आपसांत ठरवून देशांतर्गत गाड्यांवर २८० पीएसच्या वर आकडा छापलाच नाही. रस्त्यावर त्यातल्या काही गाड्या काय देत होत्या हे डायनोवाल्यांना चांगलं ठाऊक होतं.

मोजणीबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो, कारण डायनोचे कागद दाखवून लोक भांडतात. ब्रोशरचा आकडा फ्लायव्हीलपाशी, म्हणजे इंजिनाच्या टोकाला, मोजलेला असतो आणि तो २५ अंश तापमान, ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब या स्थितीला दुरुस्त केलेला असतो. तुम्ही गाडी डायनोच्या रोलरवर चढवता तेव्हा चाकापाशी मोजता; मध्ये गियरबॉक्स, क्राऊन-पिनियन (चाकांआधीची शेवटची गियरजोडी), टायर यांनी १० ते २० टक्के खाल्लेले असतात. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन त्यामुळे इथे मुंबईपेक्षा पाचेक टक्के कमीच देणार, आणि महाबळेश्वरला आणखी कमी. टर्बो इंजिन हा खड्डा बराचसा भरून काढतं. पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि बीएचपी (ब्रिटिश हॉर्सपॉवर) यांतही दीड टक्क्याची तफावत आहे: १७५ पीएस म्हणजे १७२.६ बीएचपी. जुन्या अमेरिकन गाड्यांचे अफाट आकडे वाचून चकित होणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की १९७२ च्या आधी तिथे पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर काढून मोजत असत. मोजणीची पद्धत बदलली आणि तीच इंजिनं एका वर्षात कागदावर अशक्त झाली.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे: ३७० आणि ४०० का? एकाच इंजिनाला मॅन्युअल गियरबॉक्समागे कमी टॉर्क आणि ऑटोमॅटिकमागे जास्त, हे फक्त तुमच्या गाडीत नाही. २०२१ च्या फॉर्च्युनर डिझेलमध्ये ते आणखी ठळक दिसतं. २.८ लिटर, दोन्हींना पॉवर २०४ पीएस. मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकला ५००. टॉर्क ८० ने कमी आणि पॉवर तेवढीच, हे कसं? सूत्र लावा. मॅन्युअलचा ४२० चा पट्टा ३४०० आरपीएमपर्यंत सपाट जातो. ४२० गुणिले ३४०० भागिले ७०२४ म्हणजे २०३. म्हणजे वरच्या टोकाला इंजिनावर बंधन नाहीच. खालचा डोंगर तेवढा छाटला आहे, जिथे इंजिन ५०० देऊ शकलं असतं. कोणासाठी छाटला? गियरबॉक्ससाठी.

गियरबॉक्सला पीएस कळत नाहीत. दातांवर, शाफ्टवर, बेअरिंगवर येतो तो टॉर्क, आणि तोही पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये कैकपटीने वाढून. पहिला गियर ४:१ आणि क्राऊन-पिनियन ४:१ धरला तर तुमचे ३०० न्यूटन-मीटर ॲक्सलवर ४८०० होतात, ३७० चे ५९२० आणि ४०० चे ६४००. मॅन्युअलमध्ये आणखी एक अनिश्चित भाग असतो, तो म्हणजे ड्रायव्हरचा डावा पाय. चिखलात अडकलेली गाडी काढायला कोणी ३००० आरपीएमवर क्लच एकदम सोडला, तर चाकांच्या आणि फ्लायव्हीलच्या जडत्वाचा जो धक्का बसतो तो इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षाही बराच मोठा असतो. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल हा धक्का पचवतं, आणि गियर बदलताना गियरबॉक्सचा कंट्रोलर इंजिनाला काही मिलिसेकंद टॉर्क कमी करायला सांगतो. मॅन्युअलमध्ये सांगणारं कोणी नाही. म्हणून डिझायनर आधीच हात राखून आकडा ठरवतो. काही गाड्यांत तर पहिल्या आणि दुसऱ्या गियरसाठी वेगळी, आणखी कमी टॉर्क मर्यादा ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, लिहिलेली असते. ड्रायव्हरला ती कधी जाणवतही नाही.

१३२ आणि १७५ या फरकाला हेच सगळं लागू आहे, वर आणखी एक भर: हार्डवेअर. आपल्याकडे गाजलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन आठवा, जे रांजणगावलाही बनायचं आणि मारुती, टाटा, फियाट तिघांच्या गाड्यांत होतं. स्विफ्टमध्ये ७५ पीएस, १९० न्यूटन-मीटर. एर्टिगा, सियाझमध्ये ९० पीएस, २०० न्यूटन-मीटर. टॉर्कमध्ये दहाचा फरक आणि पॉवरमध्ये पंधराचा. ४००० आरपीएमला हिशेब करा: ७५ वालं १३२ न्यूटन-मीटरवर आलेलं असतं, ९० वालं १५८ टिकवून असतं. हा वरच्या टोकाचा दम आला व्हेरिएबल जिऑमेट्री टर्बोमधून, ज्याच्या पाकळ्या गरजेनुसार वळतात. ७५ वाल्यात साधा, अशा वळणाऱ्या पाकळ्या नसलेला टर्बो होता. त्या काळी ७५ चं रीमॅप करून ‘९० केली’ असं सांगणारे भरपूर होते. डायनोवर त्या गाड्यांचा मधला टॉर्क जोरदार वाढलेला दिसायचा, पण टर्बो त्याच्या सोयीच्या पट्ट्याबाहेर धापा टाकत पळत असायचा आणि एक्झॉस्टचं तापमान चढलेलं असायचं.

म्हणून तुमच्या ट्यूनरला पहिला प्रश्न हा विचारा: दोन्ही मॉडेलांचे टर्बो, इंजेक्टर, इंटरकूलर, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, फ्लायव्हील आणि गियरबॉक्स यांचे पार्ट नंबर सारखे आहेत का? पार्ट्सच्या काउंटरवर चासिस नंबर दिला की हे कळतं, यात गुपित काही नाही. एखादा नंबर वेगळा निघाला तर कंपनीने तो पार्ट कारणाशिवाय बदललेला नाही, एवढं धरून चाला. ट्यूनर हे तपासायला तयार नसेल, तर त्याला गाडी देऊ नका.

आता घाट. इथे जरा थांबून हिशेब करू, कारण सगळ्या चर्चेत नेमकं हेच कोणी करत नाही. गाडी, सात माणसं, सामान मिळून २५०० किलो धरा. चढ पाच टक्के, वेग ताशी ६०. चढावर गाडी मागे खेचणारं बल सुमारे १२२५ न्यूटन, टायरचा रोध ३००, हवेचा २०० च्या आत. बेरीज १७२० न्यूटनच्या आसपास. याला सेकंदाला १६.७ मीटर वेगाने गुणलं की २८.७ किलोवॉट, म्हणजे ३९ पीएस चाकापाशी. मधली गळती धरून इंजिनापाशी ४५ पीएस.

फक्त ४५! तुमच्याकडे १३२ आहेत. मग गाडी का दमते? कारण तुम्ही सहाव्यात आहात. समजा ६० च्या वेगाला सहाव्यात इंजिन १२०० आरपीएमवर आहे. तुमच्या इंजिनाचा पूर्ण ३०० चा टॉर्क १५०० पासून पुढे मिळतो. १२०० ला टर्बो अजून भरलेला नसतो. २०० न्यूटन-मीटर मिळाले तरी पॉवर होते ३४ पीएस. लागतात ४५. गाडी मरणारच. चौथ्यात घेतलं आणि आरपीएम २००० झाले, की तेच इंजिन ८५ पीएस देऊ शकतं. म्हणजे चढ चढून वर ४० पीएस शिल्लक, वेग वाढवायला. तिसऱ्यात २७०० ला ११५. एका गियरच्या दांड्याने ३४ चे ८५ झाले. कुठलाही रीमॅप एवढं देत नाही. आणि १७५ पीएसवाला सहाव्यात १२०० वर आला तर तोही साधारण तुमच्याइतकाच अडकतो, कारण तिथे कमतरता हवेची आहे, आणि हवेशिवाय जास्त डिझेल ओतलं तर नुसता धूर. त्याचा फायदा दिसतो तो वर, ताशी शंभरच्या पुढे ओव्हरटेक करताना.

नियम म्हणून लक्षात ठेवायचा तर असा: ठरलेल्या वेगाला चाकावर मिळणारा जोर म्हणजे त्या क्षणी इंजिन देत असलेली पॉवर भागिले वेग. गियर निवडणं म्हणजे इंजिनाला त्याच्या वक्रावर कुठे उभं करायचं हे निवडणं. ज्यांनी पूर्वी ट्रकवर काम केलं आहे त्यांना हे अंगवळणी असतं. बोरघाट लागायच्या आधीच गियर खाली घेतात, दबल्यावर घेत नाहीत. तुम्हीही चढ सुरू होण्याआधी चौथा घ्या आणि आरपीएम १८०० ते २६०० मध्ये ठेवा. डिझेल वाचवण्यासाठी वरच्या गियरमध्ये पाय दाबून धरणं, हे त्या पट्ट्यात ना डिझेल वाचवतं ना इंजिन. ड्युअल-मास फ्लायव्हीलच्या स्प्रिंगांचे हाल होतात ते वेगळेच.

इतकं सांगूनही रीमॅप करावासा वाटत असेल, तर त्यात काय होतं ते समजून घ्या. आजच्या डिझेलमध्ये पेडल थेट डिझेल वाढवत नाही. पेडल म्हणजे टॉर्कची मागणी. ती मागणी एकामागून एक मर्यादांतून गाळली जाते: हवा किती आहे त्यावर धुराची मर्यादा, गियरनुसार टॉर्कची, तापमानाची, टर्बोच्या वेगाची. चांगला ट्यूनर इंजेक्शनचं प्रमाण, रेल प्रेशर (डिझेल फवारणीचा दाब), बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आणि इंजेक्शनची वेळ एकमेकांशी जुळवत हळूहळू वर नेतो आणि सुरक्षेच्या मर्यादा शाबूत ठेवतो. वाईट ट्यूनर मर्यादाच उघडून टाकतो. त्याहून वाईट म्हणजे वायरिंगमध्ये लावायचा तयार डबा. तो रेल प्रेशर सेन्सरचं वाचन खोटं कमी दाखवतो आणि बिचारा ईसीयू प्रेशर वाढवत राहतो. असला डबा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

पहिला बळी बहुतेक वेळा क्लचचा जातो. तो पहिल्या गियरमध्ये कळत नाही, पाचव्या-सहाव्यात कळतो: १८०० आरपीएमला पूर्ण पाय द्या, आरपीएम उडाले आणि वेगाचा काटा मागे राहिला तर प्लेट घसरते आहे. त्यानंतर बीएस-६ गाडीत काजळीचा प्रश्न येतो. जास्त डिझेल म्हणजे जास्त काजळी, डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरतो, पुन्हापुन्हा जाळून साफ करावा लागतो. मग कोणीतरी डीपीएफ आणि ईजीआर (थोडा एक्झॉस्ट पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करायचा सल्ला देतो. तो मानू नका. मागून येणाऱ्या दुचाकीवरच्या माणसाच्या छातीत ती काजळी जाते. कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलांपासून गाडी वेगळी करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. वॉरंटी जाते, आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती कारण जातं.

टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीवाल्यांसाठी थोडक्यात: रीमॅपवर पैसे घालू नका. तिथे हवा वाढवता येत नाही, इग्निशन थोडं पुढे आणि मिश्रण थोडं दाट एवढीच जागा असते, आणि नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून होणाऱ्या ठोक्यांची) भिंत जवळच असते.

आता भावाचं स्प्रॉकेट. पुढचं १५ दातांचं काढून १४ दातांचं बसवलं की प्रत्येक गियरमध्ये चाकावरचा टॉर्क सात टक्के वाढतो आणि त्याच वेगाला आरपीएमही सात टक्के वाढतात. इंजिनाची पॉवर तीच. पिकअप वाढल्याचा भास खरा आहे, कारण इंजिन त्याच्या वक्रावर थोडं वर सरकलं. किंमत अशी की हायवेवर टॉप गियरमध्ये गाडी जास्त किंचाळते, पेट्रोल जास्त खाते आणि लहान स्प्रॉकेटवर साखळी जास्त तीव्र वळण घेते, म्हणून लवकर झिजते. शहरात आणि घाटात चालवणाऱ्यासाठी हा सौदा वाईट नाही. काही गाड्यांत वेगाचं वाचन गियरबॉक्सच्या आउटपुटवरून घेतलेलं असतं, तिथे स्पीडोमीटर खरं त्यापेक्षा जास्त दाखवायला लागतो. चाकावरच्या सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांत फरक पडत नाही.

चारचाकीत हेच काम क्राऊन-पिनियन बदलून होतं. ट्रकच्या जगात ते रोजचं आहे, एकाच मॉडेलला डोंगरी मार्गासाठी आणि सपाट हायवेसाठी वेगळे रिअर ॲक्सल रेशो मिळतात. खासगी गाडीत त्याच्या वाटेला कोणी जात नाही. पण नकळत उलटा बदल मात्र पुष्कळ जण करतात, टायर मोठे टाकून. तुमच्या गाडीच्या २४५/६५ आर१७ टायरचा व्यास सुमारे ७५० मिलिमीटर. त्याजागी भारदस्त दिसतात म्हणून २६५/७० आर१७ टाकले तर व्यास ८०३ होतो, सात टक्के जास्त. चाकावरचा जोर तेवढाच घटतो. तुमचे ३०० न्यूटन-मीटर २८० असल्यासारखे लागतात, स्पीडोमीटर कमी दाखवतो, आणि ६० च्या वेगाला सहाव्यातले १२०० आरपीएम ११२० वर येतात. गाडी घाटात ओढत नाही असं सांगणाऱ्यांच्या चाकांकडे मी म्हणून आधी बघतो. तुमचे टायर मूळ मापाचे नसतील तर पहिलं काम ते करा. मग एअर फिल्टर, इंटरकूलरच्या होजचे क्लिप आणि डिझेल फिल्टर तपासून घ्या. बूस्ट गळत असेल तर १३२ सुद्धा पूर्ण मिळत नसतील. त्यानंतर एकदा रोलरवर चढवून एकाच गियरमध्ये, बोनेटसमोर मोठा पंखा लावून तीन रन घ्या. गळती धरता चाकापाशी ११० पीएसच्या आसपास आणि १६०० ते २८०० मध्ये सपाट टॉर्क दिसला, तर तुमचं इंजिन ठणठणीत आहे.